इंजिन धुतलं त्या रविवारी

आमच्या मुलीने लग्न ठरवलं ते तिचं तिनेच. मला सांगितलं तेव्हा ती ओट्यापाशी कांदा चिरत होती, त्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी कशाने आलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मुलगा तिच्याच ऑफिसमधला. राहणारा ठाण्याचा, कोपरीचा. घरची मंडळी तिथली मूळची. आजोबांची मिठागरं होती, थोडी शेती होती. आता शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एका इमारतीचे वरचे मजले यांचे. एकत्र कुटुंब. घरात माणसं इतकी, की मुलगी बोटांवर मोजून सांगायची आणि दर वेळी एखादा काका राहून जायचा.

आम्ही डोंबिवलीचे, पूर्वेला राहणारे. घरात तिघं. गाव कोकणात, पण तिथे जाणं गणपतीपुरतं. आमच्या घरात मोठ्याने बोलायची वेळ येते ती फक्त मिक्सर चालू असताना. त्यामुळे कोपरीहून निरोप आला, की येत्या रविवारी जेवायलाच या, तेव्हा मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आपली एकुलती एक मुलगी एवढ्या मोठ्या घरात कुठे हरवून तर जाणार नाही ना, हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

नवऱ्याची काळजी वेगळीच होती. तो वर्षभरापूर्वी निवृत्त झाला, तेव्हापासून आमची जुनी गाडी हाच त्याचा उद्योग. घरात चमच्यांपेक्षा स्पॅनर जास्त. ते बहुतेक कोरे करकरीत, कारण वापरायची वेळच येत नाही. आणि मुलगी बोलता बोलता एकदा सहज म्हणाली, "त्याच्या बाबांना गाड्यांचं भारी वेड आहे. घरी कुणी आलं ना, की आधी बॉनेट उघडून बघतात."

बास. त्या एका वाक्यावर नवऱ्याने आठवडा काढला.

रविवारी सकाळी मी खोबऱ्याच्या वड्या डब्यात भरत होते. खालून पाण्याचा मोठा आवाज आला म्हणून गॅलरीत जाऊन पाहिलं. बॉनेट उघडं, नवरा बर्म्युड्यात, आणि हातात ते ऑनलाइन मागवलेलं पाण्याचं प्रेशर-पंपाचं पिस्तूल. वॉचमन लांब गेटला टेकून बघत होता.

"अरे, काय करतोयस?"

"इंजिन धुतोय."

"इंजिन कोण धुतं?"

"त्यांनी बॉनेट उघडलं तर?"

"उघडलं तर इंजिन दिसेल त्यांना."

"म्हणूनच तर!" असं म्हणून त्याने पुन्हा फवारा सोडला.

आम्ही दोघं एका कॉलेजात होतो, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. पण मोठ्या घरी जायचंय, त्यांना कसं वाटेल, म्हणून मी त्या दिवसापुरतं 'अहो' म्हणायचं ठरवलेलं. गाडीत बसताना एकदा सराव म्हणून "अहो, एसी लावा ना" असं म्हणाले, तर मागे बसलेली मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

इंजिन सुंदर दिसत होतं, ते मात्र खरं. पार्किंगमधल्या दोन शेजाऱ्यांना त्याने बोलावून दाखवलेलं. गाडी चालूही झाली. जरा थरथरली, पण नवरा म्हणाला, "ओलं आहे ना. गरम झालं की होईल ठीक." आम्ही पश्चिमेला उतरून खाडीवरच्या नव्या पुलाने मानकोलीकडे निघालो. हा पूल झाल्यापासून नवऱ्याला ठाण्याला जायचं निमित्तच हवं असतं. खाली खाडी, दोन्हीकडे तिवरं, वारा. मी जरा निवांत झाले. पदर सारखा केला, डबा मांडीवर नीट धरला.

हायवेला लागलो आणि गाडीने आचका दिला. मग दुसरा. एखाद्याला उचक्या लागाव्यात तशी गाडी उचक्या द्यायला लागली. नवरा ॲक्सिलरेटर दाबत होता, पण गाडी पुढे जायच्या ऐवजी नुसती अंग झटकत होती. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. समोर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा उघडझाप करायला लागला.

"बाबा, तो दिवा कसला?"

"सेन्सर. थोडं पाणी लागलं असेल."

"थोडं?" मी म्हणाले.

तशाच उचक्या देत आम्ही माजिवड्यापर्यंत आलो. तिथे पुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली ती थांबलीच. चालू करायला गेलं की घरघर करायची, जीव आल्यासारखं करायची आणि गप्प. मी आणि मुलगी उतरलो. मी काठापदराच्या साडीत, मुलगी नव्या ड्रेसमध्ये, आणि आम्ही दोघी मागून गाडी ढकलतोय. दोन रिक्षावाले उतरून मदतीला आले म्हणून ती सर्व्हिस रोडला तरी लागली. दुकानांची रांग होती, त्यातल्या एका लेडीज ब्यूटी पार्लरसमोर जरा सावली होती. तिथे उभी केली.

बॉनेट वर गेलं आणि सल्ले सुरू झाले. एक रिक्षावाला म्हणाला पेट्रोल संपलंय. दुसरा म्हणाला क्लचप्लेट गेली. स्कूटरवरून जाणारे एक आजोबा मुद्दाम वळून परत आले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "इंजिन मात्र एकदम स्वच्छ ठेवलंय हो!" नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

"मी त्याला फोन करते," मुलगी म्हणाली.

"अजिबात नाही," नवरा म्हणाला. "टॅक्सी बोलवू, जेवून येऊ, गाडीचं मग बघू. फक्त उशीर होतोय एवढंच कळव. गाडीचं सांगू नकोस."

तिने फोन केला. उशीर होतोय एवढंच सांगणार होती, पण पलीकडून त्याने "का?" विचारलं आणि हिने सगळं सांगून टाकलं. आणि पलीकडे फोन स्पीकरवर होता.

टॅक्सी मिळेना. जी मिळे ती रद्द होई. तेवढ्यात एक स्कूटर येऊन उभी राहिली. चालवणारे गृहस्थ पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या शर्टात, मिशा पिळदार. मागे एक बाई, हिरवीगार साडी, हातात बांगड्या, गळ्यात ठसठशीत दागिने, केसांत मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा. उतरल्या, सरळ माझ्याकडे आल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुमी उन्हात उभ्या? आमी बोललो, जेवन थंड होईल ते होईल, मानसं काय म्हनून रस्त्यावर राहतील?"

हे आमचे होणारे व्याही. मुलगा घरी जेवणाकडे बघायला थांबला होता, आईनेच त्याला थांबवलं होतं.

मी काहीतरी औपचारिक बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून नवऱ्याने पुन्हा किल्ली फिरवली. गाडीने असा काही दणका दिला की मी दचकून ओरडले, "अरे बंद कर ना ती!"

झालं. 'अहो' गेलं उडत. मी जीभ चावली. पण बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "बरा झाला. मना वाटला तुमी लय शांत मानसं असाल. मी रातभर विचार करतेय, काय बोलायचा यांच्याशी."

तिकडे व्याह्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. ते बॉनेटखाली वाकले. मुलगी माझ्या कानात कुजबुजली, "बघ, उघडलं की नाही बॉनेट?" मी तिला चिमटा काढला. व्याह्यांनी आतून हात फिरवला, बोटं बघितली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"धुतलाव?"

नवरा सरळ उभा राहिला. शाळेतल्या मुलासारखा. "हो. सकाळी."

"पाइपाने?"

"प्रेशर-पंपाने."

व्याह्यांनी बोटं रुमालाला पुसली. मग एकदम त्यांनी नवऱ्याच्या पाठीत अशी थाप मारली की नवरा रेडिएटरवर जाणार होता. "अहो, मी पन धुतलेला! गेल्या दिवाळीला! नवी गाडी, बोललो चकाचक करतो. आठवडाभर दारात उभी होती. ही अजून बोलते मना."

"बोलनार नाय तर काय?" त्या इकडून ओरडल्या. "माझा केस सुकवायचा मशीन घेतला आनि जालून टाकला!"

मग त्यांनी नवऱ्याला समजावलं. त्यांना जे कळलं होतं ते त्या आठवडाभरात कळलं होतं, आणि तेही अर्धं चुकत चुकत. इंजिनावर प्लगसाठी खोल खोल खड्डे असतात, पाणी तिथे जाऊन बसतं, मग ठिणगी पडत नाही आणि गाडी मिसिंग मारते. पाणी काढलं, सुकवलं, की बरेचदा चालू होते. फक्त आधी बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन निवू द्यायचं. ते निवायच्या आत हात घालून त्यांनी मागे अंगठा भाजून घेतला होता, तोही दाखवला.

"दहा नंबरचा पाना लागेल," व्याही म्हणाले. "माझ्या डिकीत नाय."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. त्याने डिकी उघडून आपली पेटी बाहेर काढली. मखमली कप्प्यांत ओळीने लावलेले सगळे स्पॅनर. व्याह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मी सराफाच्या दुकानात बघते.

इंजिन निवेपर्यंत करायचं काय, तर विहीणबाईंनी पार्लरचं दार ढकललं आणि आत जाऊन म्हणाल्या, "बाई, आमाला जरा बसू द्या. आनि तुमचा केस सुकवायचा मशीन लागेल." पार्लरवाली मध्यमवयाची, हसरी. ती एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेसपॅक लावत होती. "कुणाचे केस सुकवायचेत?" तिने विचारलं. "गाडीचे," असं विहीणबाईंनी सांगितल्यावर ती आणि तिचं गिऱ्हाईक दोघी खिडकीशी आल्या.

आम्ही दोघी आरशांसमोरच्या त्या फिरत्या खुर्च्यांवर बसलो. वर पंखा. समोर आरशात आम्ही दोघी, एक हिरवी साडी, एक जांभळी, दोघींचीही कपाळं घामाने डबडबलेली. मी वड्यांचा डबा उघडला. तुमच्या घरी द्यायला आणल्या होत्या, म्हटलं. त्यांनी एक घेतली, चव घेतली, दुसरी उचलली.

मग अचानक त्या म्हणाल्या, "एक विचारू? रागावनार नाय ना?"

"विचारा ना."

"तुमची पोरगी माझ्या पोराला घेऊन बाहेर जानार काय? फ्लॅट घेऊन? हल्लीच्या पोरी एकत्र राहत नाय. मना खरा सांगा, म्हंजे मी मनाची तयारी करते."

मी इतके दिवस ज्या घराला घाबरत होते, त्या घरातली बाई माझ्याच मुलीला घाबरत होती.

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "आमचं ते बोलणंच झालेलं नाही. पण मलाही एक भीती आहे. सांगू?"

"सांगा."

"तुमच्याकडे एवढी माणसं. ती एकटी वाढलेली. तिला तिची एक खोली लागते, दार लावून बसते तासन्तास. कुणी बोललं नाही तरी तिला चालतं. तुम्हाला वाटेल, शिष्ट आहे."

विहीणबाईंनी पदराने मान पुसली. "मी लग्न होऊन आले तेव्हा घरचा मिठागर चालू होता. सकाळी सगली बायामानसं तिकडं. मना तर उन्हाची सवय नाय, माझा माहेर कलव्याचा, बाबा नोकरीला. पायाला भेगा पडल्या, वर मीठ. रडायला यायचा, पन रडायला जागा नव्हती, जिथं जाऊ तिथं मानसं. मी पान्याच्या टाकीमागं जाऊन बसायचे." त्या हसल्या. "मना मेलीला बंद दार कवाच नाय मिलाला. तिला हवा तर तिनं खुशाल लावावा. जेवायला तेवढी बाहेर येऊ दे."

मी त्यांचा हात दाबला. तेवढ्यात फेसपॅकवाल्या बाई, ज्यांना तोंड हलवायची मनाई होती, त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "किती छान बोललात हो!" आणि आम्ही तिघी-चौघी हसत सुटलो. त्यांचा पॅक तडकला, पार्लरवालीने डोक्याला हात लावला.

बाहेरून हाक आली. इंजिन निवलं होतं. नवऱ्याने वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, प्लगवरची एकेक कॉइल सोडवून बाहेर काढली. व्याह्यांनी मोबाइलचा उजेड पाडला. आत खरंच पाणी. एका खड्ड्यात तर चक्क तळं. फडकं आत जाईना. पार्लरवालीने कापसाचा रोल आणि भुवयांचा लांब चिमटा आणून दिला. मग दोन्ही व्याही डोकी जवळ आणून चिमट्याने कापसाचे बोळे आत सोडत आणि चिंब झालेले बाहेर काढत होते. बोळे फेकायला मुलगी प्लॅस्टिकची पिशवी धरून उभी. दोघांचे शर्ट आता एकाच रंगाचे झाले होते.

शेजारच्या दुकानातून एक्स्टेन्शन बोर्ड मागून घेतला. विहीणबाईंनी ड्रायर स्वतःकडे घेतला. "मागच्या वेळी यांनीच जालला. लांबून धरायचा, हा असा," असं म्हणत त्या वाकल्या आणि वारा घालायला लागल्या. गजरा पुढे आला, तो मी मागून धरला. त्यांचा हात दुखायला लागल्यावर मी घेतला. मघाचे रिक्षावाले अजून तिथेच होते. त्यांतला एक म्हणाला, "काकी, डाव्या बाजूला अजून थोडं." जाणारे येणारे थांबून बघत होते. दोन सजलेल्या बायकांनी केलेली मोटारीची केशरचना त्यांनी आयुष्यात पाहिली नसणार.

सगळं परत बसवलं. बॅटरीची वायर लावली. नवऱ्याने किल्ली घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, ती व्याह्यांपुढे धरली. "तुम्ही लावा."

व्याह्यांनी बसून मनात कुठलं तरी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. गाडी घरघरली, एकदा उचकली, मागून पांढरा धूर सोडला. मग आवाज हळूहळू एकसारखा झाला. पार्लरमधून टाळ्या आल्या. पिवळा दिवा तसाच होता, पण आता नुसता लागलेला, उघडझाप करत नव्हता. "तो राहू दे," व्याही म्हणाले, "उद्या गॅरेजला दाखवा. माझा पन राहिलेला."

पार्लरवालीला उरलेल्या वड्या दिल्या. ती पैसे घेईना. लग्नाला बोलवा म्हणाली.

मग व्याही म्हणाले, "मी चालवू का हो जरा?" नवरा म्हणाला, अवश्य. त्यामुळे कोपरीला आम्ही पोचलो ते असे. पुढे आमची गाडी, चालवणारे व्याही, शेजारी विहीणबाई, मागे मी. आणि आमच्या मागून व्याह्यांच्या स्कूटरवर नवरा, मागे मुलगी, ओढणी सांभाळत. व्याही आरशातून बघत सारखे म्हणत होते, "बरा चालवतात. ब्रेक जरा जास्त मारतात."

इमारतीच्या खाली सगळं घर उभं होतं. मुलीने मोजलेले काका, आणि न मोजलेलेही. पुरुषांचे कळकट शर्ट, आमचे विस्कटलेले केस बघून कुणी काही विचारलं नाही, कारण मुलाने सगळ्यांना सगळं सांगितलेलं होतं. एका काकूने सरळ माझ्या हातात टॉवेल दिला आणि बाथरूम दाखवलं. दुपार कलली होती तेव्हा पानं मांडली. कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या. कालवण पुन्हा गरम केलेलं होतं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते इतकं मुरलं होतं. मी दोनदा भात घेतला. एरवी मी परक्याकडे कधी दोनदा भात घेत नाही.

जेवताना लग्नाचा विषय निघाला. किती माणसं, कुठला हॉल. आमची कल्पना छोट्या लग्नाची, त्यांची गावजेवणाची. वाद झाला, चांगला झाला, आवाजही चढले. मी म्हणाले, आमच्याकडून एवढी माणसंच नाहीत. एक काका म्हणाले, "मग आमची घ्या ना!" शेवटी ठरलं ते असं, की हळद त्यांच्या पद्धतीची, कोपरीला, दारात मांडव घालून, आणि लग्न डोंबिवलीला, आमच्या बेताचं. दोन्हीकडच्या लोकांनी थोडी कुरकुर केली, म्हणजे बहुधा बरोबर ठरलं असावं.

हळदीला सगळं कोपरी लोटलं. बायकांनी धवलगीतं, म्हणजे त्यांच्याकडची लग्नाची जुनी गाणी, म्हटली, मग बँडवर सगळे नाचले. नवऱ्याला व्याह्यांनी हाताला धरून मधे ओढलं. तो नाचताना मी आधी कधीच पाहिला नव्हता, कॉलेजच्या गॅदरिंगलाही तो स्टेजमागे वायरी धरायला असायचा. पार्लरवाली आली होती, फेसपॅकवाल्या बाईंना घेऊन.

मुलगी आता त्यांच्याकडेच राहते, त्याच इमारतीत, सगळ्यांत वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघर एकच. परवा फोनवर बोलता बोलता मधेच म्हणाली, "आई, थांब हं, खाली हाका मारतायत," आणि फोन तसाच पलंगावर टाकून गेली. मी कानाला लावून बसले होते. जिन्यात पावलं, कुणीतरी कुणाला तरी रागावतंय, भांडी, मग सगळ्यांचं एकदम हसणं, आणि त्यात तिचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. बराच वेळ ऐकलं आणि मग फोन ठेवला.